भोईवाड्यांतला दांडा

मुंबईंत उभा जन्म काढलेल्या मनुष्यास मुंबई ठाऊक असते, असा एक सार्वत्रिक समज आहे. आमच्यापुरतें बोलावयाचें तर तो साफ खोटा आहे. आम्ही दादरास राहतों. तेथून परळचा भोईवाडा पायीं अर्ध्या तासाच्या आंत येतो. इतकें असूनहि भोईवाडा म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें दोनच गोष्टी येत : एक तेथील न्यायालय, व दुसरें तेथून जवळच असलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय. न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग ईश्वरकृपेनें आला नाहीं. रुग्णालयांत मात्र आप्तेष्टांच्या दुखण्यांमुळें अनेकदां जावें लागलें, आणि तशा वेळीं मनुष्याचे डोळे उघडे असले तरी तो आजूबाजूचें कांहीं पाहत नसतो. या जुन्या वस्तीची खरी ओळख आम्हांस झाली ती पन्नाशी उलटल्यावर, आणि तीहि एका मोडलेल्या जीपगाडीच्या पायीं. ती हकीकत सांगण्यासारखी वाटल्यावरून येथें देत आहों.

ही जीप आमच्या धाकट्या काकांची. रायगड जिल्ह्यांत, सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं, आमचें मूळ गांव आहे. काका तेथेंच राहतात. घर, भातशेती व देवघर हीं तिन्ही त्यांनींच सांभाळलीं आहेत. गाडी जुन्या सी. जे. ३ बी. जातीची, म्हणजे उंच नाकाची. जीपचा इतिहास वाचकांस थोडाफार ठाऊक असेलच. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लक्षांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपलें त्याच वर्षीं, १९४५ सालीं, महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली. १९४८ सालीं तिचें नांव महिंद्रा अँड महिंद्रा असें झालें, आणि त्याच सुमारास आपल्या मुंबईंतील माझगांव येथें परदेशाहून आलेले सुटे भाग जोडून जीपगाड्या उभ्या राहूं लागल्या. उंच नाकाची जात अमेरिकेंत १९५३ सालीं निघाली व पुढें आपल्या देशांतहि ती कित्येक वर्षें बनत राहिली. आमच्या आजोबांनीं तशी एक गाडी एका सरकारी लिलावांत घेतली, आणि ज्या दिवशीं ती दारांत आली त्या दिवशीं आजीनें तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, ही गोष्ट आमच्या घरीं अद्याप सांगतात.

गांवाच्या वर, डोंगराच्या कुशींत, दोन वाड्या आहेत. तेथवर वाहन जात नाहीं. वाडींत कोणी आजारी पडलें म्हणजे चौघेजण एका लांब बांबूला घोंगडी बांधून तिची डोली करतात, आणि दोघे दोघे आळीपाळीनें खांदा देत पायवाटेनें खालीं उतरतात. पायवाट जेथें दगडी रस्त्यास मिळते तेथें काकांची जीप उभी असते. तेथून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत सारा भार तिच्यावर. आजोबांनीं घालून दिलेला हा परिपाठ काकांनीं त्यांच्या पश्चात् मोडला नाहीं. त्याचा मोबदलाहि कधीं घेतला नाहीं.

इतक्या वर्षांत गाडींत बदल होत गेले. मूळचें पेट्रोलचें इंजिन जाऊन डिझेलचें आलें. तें मात्र परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन व नोंदणीच्या पुस्तकांत तसा उल्लेख करवून. कारण इंजिन बदलावयाचें तर ही परवानगी कायद्यानें आवश्यकच आहे, आणि काका या बाबतींत फार काटेकोर आहेत. पुढें तीन गतींच्या गिअरबॉक्सचे दांते झिजले. त्याचे भाग मिळेनात, म्हणून तालुक्याच्या एका गॅरेजांत त्या जागीं चार गतींचा गिअरबॉक्स बसविण्यांत आला. नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षां दोन इंच लांब होता. दोन इंच म्हणजे काय मोठेंसें, असें कोणासहि वाटेल. आम्हांसहि तेव्हां तसेंच वाटलें. परंतु या दोन इंचांनींच पुढचें सारें रामायण घडविलें.

तें समजण्यासाठीं गाडीच्या पोटांतील रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. इंजिनाची शक्ति गिअरबॉक्सांत येते. त्याच्या मागें जीपगाडींत आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. ही पेटी शक्तीची वांटणी करते : एक वांटा मागच्या चाकांकडे व, चिखल किंवा चढ असेल तेव्हां, दुसरा पुढच्या चाकांकडे. पेटीपासून चाकांच्या आंसापर्यंत ही शक्ति नेणारा जो फिरता पोलादी दांडा, त्यास कारागीर प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. आम्ही या लेखांत दांडाच म्हणूं. आतां गिअरबॉक्स दोन इंच लांब झाला, म्हणजे त्याच्या मागची पेटी तितकीच मागें सरकली. अर्थात् मागचा दांडा दोन इंच आखूड, आणि पुढचा दोन इंच लांब व्हावयास हवा. गॅरेजवाल्यांनीं मागचा दांडा मध्यें कापून, पुन्हां जोडून बसविला. पुढच्यास हातच लावला नाहीं. त्या दिवसापासून ताशीं चाळीस किलोमीटरच्या वर गेलें कीं गाडी थरथरूं लागे. काकांनीं दोनदां तक्रार केली. “जुनी गाडी आहे, चालायचंच,” असें उत्तर मिळालें.

गेल्या वर्षीं श्रावणाच्या आरंभीं, रात्रीं नऊच्या सुमारास, वरच्या वाडींतील एका बाईस डोलींतून खालीं आणलें. पहिलटकरीण, दिवस पुरे भरलेले, पाऊस कोसळत होता. काकांनीं तिला व तिच्या सासूस मागें बसविलें. डोलीवाल्यांपैकीं दोघे बरोबर चढले. गांव सोडून खिंडीच्या चढावर गाडी आली आणि एकाएकीं खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. इंजिन चालू होतें. गाडी मात्र थांबली, आणि क्षणभरांत मागें घसरूं लागली. काकांनीं हातब्रेक ओढला. त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. या जातीच्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो; तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशीं, म्हणजे दांड्याच्या मुळाशीं असतो. दांडाच तुटल्यावर तो धरणार कोणास? सुदैवानें पायाचा ब्रेक शाबूत होता. डोलीवाल्यांनीं उड्या टाकून चाकांमागें धोंडे लावले.

दांड्याचा मागचा सांधा फुटला होता. डोलीवाल्यांपैकीं एक जण पाना घेऊन चिखलांत गाडीखालीं शिरला आणि त्यानें लोंबता दांडा सोडवून वेगळा केला. मग काकांनीं पुढच्या चाकांचा दांडपट्टा ओढला—म्हणजे पुढच्या आंसास शक्ति देणारी तरफ टाकली—आणि केवळ पुढच्या दोन चाकांच्या ओढीवर ती गाडी खिंड चढून गेली. रुग्णालयांत पोंचावयास बारा वाजले. पहांटे मुलगी झाली. दोघीहि सुखरूप.

भाद्रपदांत गणपतीस आम्ही सारे गांवीं जमलों. आमचें कुटुंब मोठें. चुलत-आत्ते मिळून तीसएक पानें उठतात. जीपचें काय करावें यावर पडवींत बैठक बसली. वडील बंधूंचें मत, ती मोडीत काढावी. त्यांचें म्हणणें चुकीचें नव्हतें. काकांचें वय अठ्याहत्तर. पुन्हां तसा प्रसंग आला आणि पायाचाहि ब्रेक लागला नाहीं तर? धाकट्या मंडळींस गाडी ठेवावयाची हौस होती. परंतु रात्रीं दहा वाजतां उठून ती चालविण्यास गांवीं राहणार कोण, या प्रश्नावर त्यांच्यापाशीं उत्तर नव्हतें. काका एक शब्द बोलले नाहींत. इतक्यांत ती वाडीवरची बाई सव्वा महिन्याची मुलगी घेऊन गणपतीच्या दर्शनास आली. तिनें मुलीला देवापुढें ठेवलें, मग काकांच्या पायांवर घातलें, आणि जातांना अंगणांत झांकून ठेवलेल्या गाडीसहि हात लावून नमस्कार केला. ती गेल्यावर वहिनी म्हणाल्या, “विकायची ती नंतर विका. आधी नीट तर करा.” बैठक तेथेंच संपली. गाडी नीट करण्याचें काम मुंबईस राहणारे म्हणून आमच्याकडे आलें.

चौकशी करतां करतां एका ट्रकचालकानें भोईवाड्यांतील एका मिस्त्रींचें नांव सांगितलें. परळ स्टेशनाहून निघालों. वाटेंत १९२६ सालचें के. ई. एम. रुग्णालय, वाडियांचीं रुग्णालयें, पलीकडे १९४१ सालीं उघडलेलें टाटा रुग्णालय. या भागांत पदपथावर पथाऱ्या टाकून, दूरदूरच्या प्रांतांतून आलेलीं रोग्यांचीं माणसें दिवस काढतात. त्यांच्या उशाशीं तपासण्यांचीं पाकिटें असतात. तें ओलांडून जेरबाई वाडिया रस्त्यानें आंत गेलें म्हणजे नव्या उत्तुंग इमारतींच्या सांवलींत जुन्या चाळी अद्याप दिसतात. अशाच एका चाळीच्या तळमजल्यावर मिस्त्रींचा गाळा आहे. दारावर पाटी नाहीं. आंत एक जुना लेथ, जोडकामाचें यंत्र, तोल पाहण्याचें एक यंत्र, आणि भिंतीशीं उभे करून ठेवलेले तऱ्हेतऱ्हेचे दांडे.

मिस्त्री साठीच्या पलीकडचे, कृश, चष्मा दोऱ्यानें बांधलेला. लालबागच्या एका गिरणीच्या कारखान्यांत ते उमेदवार म्हणून टर्नरचें काम शिकत होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा तो प्रसिद्ध संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यांत उतरले. त्यांतील असंख्यांना गिरणीनें पुन्हां बोलाविलें नाहीं. मिस्त्री त्यांपैकीं एक. “गिरणीनं काम काढून घेतलं, पण हात काढून घेतले नाहीत,” एवढेंच ते त्याबद्दल बोलले.

आम्हीं खिशांतून चिठ्ठी काढली. काकांनीं दूरध्वनीवर सांगितलेलें माप तीवर लिहिलें होतें. त्या मापाचा दांडा करून द्यावा व आम्हीं तो गांवीं पाठवावा, असा आमचा सोपा विचार. मिस्त्रींनीं चिठ्ठी वाचली आणि विचारलें, “साहेब, माप घेतलं तेव्हा चाकं जमिनीवर होती की गाडी घोड्यावर चढवली होती?”

आम्हीं तेथल्या तेथें काकांना विचारलें. गाडी लांकडी ओंडक्यांवर चढविली होती. खालीं शिरून माप घेणें सोपें जावें म्हणून. मिस्त्रींनीं चिठ्ठीची घडी घालून आमच्या हातांत परत दिली. “मग हे माप गाडीचं नाही. उचललेल्या गाडीचं आहे. गाडी आणा.”

आम्हीं पुष्कळ सांगून पाहिलें. गाडी चालती नाहीं, ट्रकांत घालून आणावी लागेल, खर्च होईल. मिस्त्री म्हणाले, “मी आत्ता कापून दिला तर तुमचे पैसे वाचतील. पण त्या गाडीत बसणार कोण, ते तुम्हीच मला सांगितलंत.” यावर आमच्यापाशीं बोलावयास कांहीं उरलें नाहीं.

पुढच्या रविवारीं पहांटे जीप भोईवाड्यांत येऊन पोंचली. बरोबर काकाहि आले. मिस्त्रींनीं प्रथम तिच्या चाकांत हवा भरून ती सपाट जागीं उभी केली. मागच्या बांकावर वाळूचीं पोतीं ठेवविलीं—“नेहमी जेवढी माणसं बसतात तेवढं वजन”—आणि मग ते खालीं शिरले. पेटीच्या तोंडापासून मागच्या आंसाच्या तोंडापर्यंत अंतर भरलें साडेअठरा इंच. नंतर त्यांनीं गाडी जॅकवर उचलून मागचीं चाकें अधांतरीं लोंबूं दिलीं आणि पुन्हां मोजलें. अंतर पाऊण इंचानें वाढलें होतें! गाडी तीच, जागा तीच. केवळ चाकांनीं जमीन सोडली, तर माप बदललें.

याचें कारण त्यांनीं आम्हांस जमिनीवर खडूनें काढून दाखविलें. पेटी गाडीच्या चौकटीस घट्ट बांधलेली असते. मागचा आंस मात्र पाट्यांच्या स्प्रिंगांवर वरखालीं होतो. खड्डा आला कीं आंस वर येतो व अंतर कमी होतें. चाक उसळून लोंबलें कीं अंतर वाढतें. म्हणून दांडा एकसंध नसतो. त्याचे दोन भाग असून, खांचांत खांचा बसवून एक दुसऱ्यांत सरकेल असे केलेले असतात. गाडी भारासह उभी असतांना हा सरकता भाग मध्यावर असला पाहिजे, म्हणजे त्यास आंत जावयास व बाहेर यावयास दोहोंकडे जागा राहते. काकांच्या मापानें दांडा केला असता तर भरली गाडी पहिल्याच मोठ्या खड्ड्यांत गेल्यावर सरकावयास जागा उरली नसती, आणि तो आडमुठ्या दांडा पेटीचें तोंड फोडून गेला असता.

त्यानंतर मिस्त्री पुढच्या बाजूनें खालीं शिरले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहींत. मग त्यांनीं काकांना हांक मारली. काकांनीं पालथें पडून पाहिलें, आम्हींहि पाहिलें. पुढचा दांडा, ज्यास गॅरेजवाल्यांनीं हात लावला नव्हता, तो पेटी मागें सरकल्यामुळें आपल्या सरकत्या भागांतून जवळजवळ बाहेर ओढला गेला होता. आंत धरून राहिलेल्या खांचा जेमतेम बोटभर. खिंडीच्या चढावर, त्या पावसांत, बाळंतिणीसह सारी गाडी ज्या दांड्यानें ओढून नेली तो हाच. आणखी एका मोठ्या धोंड्यावरून पुढचें चाक उसळलें असतें तर तोहि निसटला असता, आणि मग गाडीस ओढणारें कांहींच राहिलें नसतें. काका उठून बसले व धोतरास हात पुसत राहिले. कांहीं वेळानें ते म्हणाले, “मी गाडीवर विश्वास ठेवून होतो.” मिस्त्री म्हणाले, “गाडीनं काही केलं नाही, काका. मापानं केलं.”

मागचा दांडा फुटला त्याचें कारण निराळें होतें. दांड्याच्या दोन्ही टोकांस सांधे असतात. प्रत्येक सांध्यांत चौफुलीच्या आकाराचा एक पोलादी तुकडा असतो. त्यास मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात. त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि टोप्यांत सुईएवढ्या बारीक लाटा बसविलेल्या. या सांध्यामुळें दांडा तिरका असूनहि फिरूं शकतो. ही युक्ति फार जुनी. सोळाव्या शतकांतील इटालियन पंडित कार्डानो याच्या नांवावरून युरोपांत अजून अशा दांड्यास कार्डन म्हणतात; सतराव्या शतकांत रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें हा सांधा वापरला व त्याचा एक दोषहि दाखविला; आणि मोटारगाडींतील सांखळीच्या जागीं दांडा वापरतां यावा म्हणून अशा सांध्याचें पेटंट अमेरिकेंतील क्लॅरेन्स स्पायसर या विद्यार्थ्यानें १९०३ सालीं घेतलें.

तो दोष असा. तिरक्या सांध्यांतून गति पुढें जातांना ती एकसारखी राहत नाहीं. इकडचें टोक अगदीं समगतीनें फिरत असलें तरी पलीकडचें टोक एका फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतें व दोनदां मागें रेंगाळतें. सांधा दहा अंश तिरका असेल तर हा फरक शेंकडा दीडच. वीस अंशांस शेंकडा सहा. तीस अंशांस मात्र शेंकडा तेरा ते पंधरा. आणि या जीपचें चाक एक फेरा करी तोंवर दांड्याचे पांचांहून अधिक फेरे होतात. ताशीं साठ किलोमीटरला दांडा मिनिटास सुमारें २,४०० वेळां फिरतो. म्हणजे असे हिसके मिनिटास ४,८०० बसतात! लोखंड झालें तरी किती सोसणार?

यावर उपाय दुसऱ्या सांध्याचा. दोन्ही टोकांचे चिमटे एका पातळींत बसविले, आणि पेटीचें तोंड व आंसाचें तोंड हीं एकमेकांशीं समांतर ठेविलीं, तर पहिला सांधा जेव्हां दांड्यास पुढें लोटतो नेमका तेव्हांच दुसरा त्यास मागें खेंचतो. एकाचा दोष दुसरा खाऊन टाकतो, आणि चाकांस मिळते ती शांत, समगति. आमच्या गाडीचा दांडा कापून जोडतांना चिमटे एका पातळींत राहिले नव्हते. एक दुसऱ्याशीं पिळलेला होता. त्यामुळें दोष मिटण्याऐवजीं वाढत गेला. थरथर तीच होती. जुनेपणाचा त्यांत कांहीं अपराध नव्हता.

काका हें सारें ऐकत होते. ते एकाएकीं म्हणाले, “म्हणजे डोलीसारखंच.” मिस्त्रींस डोली ठाऊक नव्हती, काकांनीं त्यांना समजावून सांगितलें. डोली उचलणाऱ्या दोघांनीं शिपायांसारखें पाउलाशीं पाउल जुळवून चालावयाचें नसतें. तसें चाललें तर दोन्ही खांदे एकदम वर होतात, एकदम खालीं येतात, आणि आंतल्या माणसाचे हाल होतात. पुढच्याचा खांदा वर जातो तेव्हां मागच्याचा खालीं असावा लागतो. नव्या माणसास हें जमावयास दोन पावसाळे लागतात. मिस्त्री हंसले. “माझ्या पोरालाही चिमटे जुळवायला तेवढेच लागले.”

तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं आपण कोठें उभे आहों. भोईवाडा! पालखी-मेणे वाहणाऱ्या भोयांची वस्ती, हें त्याचें नांवच सांगतें. येथून हाकेच्या अंतरावर गव्हर्नरांचा जुना वाडा होता. १८९९ सालीं त्यांत हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा गेली, व आज तो हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. पालख्या गेल्या, भोई पांगले, त्या रस्त्यांवर गिरण्यांचे भोंगे वाजले आणि तेहि थांबले. कोणाच्या तरी खांद्यावर भार देऊन दुखणाईत माणसास सुखरूप नेण्याची विद्या मात्र या गल्लींत अजून एका गाळ्यापुरती जिवंत होती. आम्ही इतकीं वर्षें तिच्याच शेजारून रुग्णालयांत गेलों आलों!

काम दिवसभर चाललें. पोलादी नळी लेथवर धरून कापली. भरीव सळई कां नको, ती अधिक मजबूत नव्हे काय, असें आम्हीं विचारलें. मिस्त्रींचें उत्तर असें कीं भरीव दांडा आपल्याच वजनानें मध्यें लवतो व वेगांत दोरीसारखा घुमूं लागतो. त्याच वजनाची मोठ्या घेराची पोकळ नळी त्याहून पुष्कळ ताठ राहते. डोलीला बांबूच कां घेतात, हें काकांस सांगावें लागलें नाहीं. मग दोन्ही चिमटे एका पातळींत आहेत हें सपाट लोखंडी पाटावर ठेवून पुनः पुन्हां पाहिलें, आणि तेव्हां कोठें जोड दिला. तोलाच्या यंत्रावर दांडा फिरवून, जी बाजू जड त्याच्या समोर नखाएवढ्या पत्र्या डकविल्या. दांडा आखूड झाल्यानें त्याचा तिरकसपणा थोडा वाढला होता. तो सांधण्यासाठीं मागच्या स्प्रिंगांखालीं पोलादी पाचरी देऊन आंसाचें तोंड पेटीच्या तोंडाशीं समांतर केलें. “अगदी सरळ केलं तर उत्तमच ना?” असें आम्हीं म्हटलें. मिस्त्रींनीं मान हलविली. सांधा सरळ रेषेंत राहिला तर आंतल्या सुया हलत नाहींत. एकाच जागीं दाब खाऊन त्या पोलादांत खड्डे पाडतात. एक-दोन अंश तरी तिरकसपणा हवाच. पुढचा दांडाहि त्याच पद्धतीनें दोन इंचांनीं लांब झाला.

शेवटीं त्यांनीं प्रत्येक दांड्याच्या दोन्ही सरकत्या भागांवर छिन्नीनें एकेक बाण कोरला. “काका, हे दोन बाण समोरासमोर पाहिजेत. कोणीही उघडलं तरी बसवताना हे बघायला सांगा. एक दात जरी चुकला तरी मागचा त्रास परत येईल.” काकांनीं तें दोनदां म्हणून पाठ केलें. दांडे बसल्यावर मिस्त्रींनीं गाडीचा हातब्रेक लावला आणि आम्हां सर्वांस ती ढकलावयास सांगितलें. आम्हीं पांच जणांनीं जोर केला. ती हालली नाहीं.

परतीचा प्रवास काकांनीं ट्रकावरून केला नाहीं. वडील बंधूंचा एक मुलगा, जो गणपतींत गाडी ठेवा म्हणत होता, तो रजा काढून त्यांच्या बरोबर निघाला. काकांनीं त्याला शेजारीं बसवून अर्धी वाट त्याच्याकडून गाडी चालवून घेतली. साठावर कांटा गेला तरी गाडी थरथरली नाहीं, असा दूरध्वनि संध्याकाळीं आला. हल्लीं तो मुलगा महिन्यांतून दोन शनिवार गांवीं जातो. बाकीच्या रात्रींचा प्रश्न सुटलेला नाहीं. तो सुटला असें म्हणणें वाचकांची दिशाभूल केल्यासारखें होईल. वाडीवरच्या डोलीवाल्यांपैकीं ज्यानें चिखलांत दांडा सोडविला त्याला काका गाडी शिकवीत आहेत, व त्यानें परवान्यासाठीं अर्ज केला आहे.

मार्गशीर्षांत आम्ही गांवीं गेलों तेव्हां गाडींत चालकाच्या समोरच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानें ठळक अक्षरें काढलेलीं दिसलीं : ‘बाण समोरासमोर. माप चाकें जमिनीवर असतांना.’ अक्षर काकांचें होतें. त्या सकाळीं वाडीवरच्या मुलीस लस टोंचावयास न्यावयाचें होतें. तिची आई पायवाटेनें स्वतः चालत, मुलीला कडेवर घेऊन, खालीं उतरली. खिंडीच्या चढावर काकांनीं मुद्दाम गाडी थांबविली, हातब्रेक ओढला, पाय काढून घेतला, आणि क्षणभर वाट पाहिली. मग समाधानानें गिअर टाकून ते पुढें निघाले.